जांबोटीला जाताना घ्यायचे कपडे

खडेबाजारात दुकानदाराने जाकीट काउंटरवर पसरलं,
वर बाटलीतलं पाणी ओतलं.
थेंब घरंगळून माझ्याच चपलेवर पडले.
"बघा सर, आत टिपूस नाही.
सहाशे ग्रॅम फक्त. घडी घातली की डब्याच्या पिशवीत मावतंय."
नारिंगी तेवढं शिल्लक होतं. घेतलं.

इनासने स्टँडवरच बाहीला बोट लावलं.
सुर्र. परत लावलं. सुर्र.
"हे घालून रानात जायचं म्हणजे
बँड लावून चोरीला जायचं की रे."
त्याच्या खांद्यावर घोंगडं, काळं,
खानापूरच्या बाजारात एका कुरबराकडनं घेतलेलं,
चिंचोक्याची खळ कधीच गेली, मेंढराचा वास मात्र आहे.
कोरडं चार किलो.
भिजलं की दोघांनी उचलायचं.

सावजाला आता तो जात नाही.
ठासणीची बंदूक कुठल्याशा इलेक्शनला ठाण्यात जमा केली,
पावती जपून ठेवली,
बंदूक आणायला गेलाच नाही.
आता नुसती रताळ्याची राखण.
चार बांबू, वर गवत, खाली शेकोटी,
आणि रात्रभर डुकरांना शिव्या,
निम्म्या मराठीत, निम्म्या कानडीत,
फारच जवळ आली तर कोकणीत.

चढ चढून आलो तेव्हा जाकिटात घाम साचला होता,
बाहेरचं पाणी आत येत नाही
तसं आतलं बाहेरही जात नाही
हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.
दहानंतर तो घाम गार पडला.
एक ठिणगी उडाली आणि बाहीला
हरभऱ्याएवढं भोक पडलं, कडा वितळलेल्या.
इनासच्या घोंगड्यावर तशाच दोन पडल्या.
त्याने चिमटीत धरून विझवल्या,
बोलणं न थांबवता.

मग धुकं उतरलं.
दव घोंगड्याच्या केसाकेसावर बसलं
आणि म्हातारा ओझ्याने वाकत गेला,
खरं कुडकुडला नाही.
मी कुडकुडत होतो. कूस बदलली की सुर्र,
श्वास घेतला की सुर्र.
खाली वेलांत काहीतरी मुसमुसत आलं,
माझी चेन वाजली, आणि गेलं.

"इनासमामा, घोंगडं द्या की मला.
तुम्ही हे घाला. तुम्हाला हलकं होईल."
"नको."
"तासभर."
"नको म्हटलं न्हवं."

बराच वेळ त्याने शेकोटीतलं लाकूड उगाच सरकवलं.
"पास्कू होता आमचा. धाकटा.
हाक्याला माणसं कमी पडली म्हणून नेला.
असलंच घोंगडं, असलंच काळं, डोक्यावरनं खोळ.
पाणी प्यायला ओढ्याला वाकला.
लोकरीला आवाज नसतोय बघ.
मेंढरू चालतंय तसा माणूस चालतो.
मला वाटलं..."

ओढ्याकडे मी बघितलं नाही.
कुठला ओढा ते विचारलं नाही.
घोंगड्याच्या कडेला, त्याच्या गुडघ्यापाशी,
पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं एक ठिगळ
मी संध्याकाळपासून बघत होतो.
ते मला ठिणगीचं वाटलं होतं.

"म्हणून सांगतो, तू आवाज करणारंच घाल.
नारिंगी, हिरवं, काय पायजे ते घाल.
गार लागलं तर लागू दे.
डुकरं पळाली तर पळू देत,
रताळी काय, परत लावता येतात."

पहाटे तो उठताना मी हात दिला.
चिंब घोंगडं आम्ही दोघांनी पिळलं,
तो एका टोकाला, मी एका टोकाला,
उलट्या दिशांनी पीळ देत.
पाणी काळपट निघालं.
माझ्या बाह्या सगळा वेळ वाजत होत्या
आणि तो, मान खाली घालून,
ऐकत होता.